कोल्हापुरात राहून बोलती कानडी कशी शिकावी आणि शिकवावी

निपाणी कोल्हापुरापासून साधारण ४० किलोमीटरवर आहे. सीपीआर या सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत चिक्कोडी-हुक्केरीकडची माणसं असतात, अंबाबाईच्या दर्शनाला गोकाक-बेळगावकडचे भाविक येतात, नृसिंहवाडीला पौर्णिमेच्या गर्दीत कानडी कानावर पडतेच. शिरोळ, कागल, गडहिंग्लज तालुक्यांत तर घरात कानडी आणि दारात मराठी अशी कितीतरी कुटुंबं आहेत. तरीही बहुतेक कोल्हापूरकरांची कानडी 'एष्टु' (किती) आणि 'ऊट आतेन्री' (जेवण झालं का) यांच्यापुढे सरकत नाही.

कारण एकच: समोरच्याला मराठी येते. आपण अडखळलो की तो लगेच मराठीत येतो, काम होतं आणि शिकणं तिथंच थांबतं. त्यामुळे इथं कानडी शिकणाऱ्याची खरी लढाई व्याकरणाशी नसते. वाक्याची ठेवण मराठी माणसाकडे आधीपासून असते. मेहनत लागते ती कानाला वळण लावायला आणि समोरच्याला कानडीत बोलत ठेवायला. हा लेख त्याच क्रमानं लिहिला आहे. रोज अर्धा तास नेमानं दिला तर तीन-चार महिन्यांत कामापुरतं बोलता येतं, असा माझ्याकडे संध्याकाळी शिकायला येणाऱ्या नर्स, औषध दुकानदार आणि निपाणीकडे दिलेल्या लेकींच्या बाबतीतला अनुभव आहे.

सीमाप्रश्नावर आपली जी भूमिका असेल ती असो. दवाखान्यात कण्हणाऱ्या म्हातारीला तिच्या भाषेत विचारपूस करणारा माणूस भेटणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते.

पहिली पायरी: आपली वाक्यं गोळा करा

पुस्तक विकत घेण्याआधी एक वही घ्या. दिवसभरात कामावर तुम्ही मराठीत जी वाक्यं पुन्हा पुन्हा बोलता ती आठवडाभर लिहून काढा. नर्स असाल तर 'काय त्रास आहे?', 'कुठं दुखतंय?', 'आता बसा'. दुकानदार असाल तर 'किती पाहिजे?', 'सुट्टे नाहीत', 'उद्या या'. तीस-चाळीस वाक्यं पुरेत. पुस्तकातली 'हा पोपट आहे' छापाची वाक्यं यात येणार नाहीत, आणि तेच बरं.

मग कानडी घरातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाकडून ती वाक्यं मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या. प्रत्येक वाक्य दोनदा: एकदा नेहमीच्या वेगात, एकदा सावकाश. सावकाश म्हटलेलं समजून घेण्यासाठी, नेहमीच्या वेगातलं पाठ करण्यासाठी. हे उलटं केलंत तर म्हणायला जमेल पण ऐकायला जमणार नाही.

दुसरी पायरी: कुठली कानडी ते ठरवा

बाजारात मिळणारी बहुतेक पुस्तकं आणि मोबाईलवरची ॲप बंगळूर-म्हैसूरकडची कानडी शिकवतात. आपल्याला लागते ती बेळगाव-चिक्कोडीची. दोन्ही एकच भाषा, पण कानाला बराच फरक जाणवतो. पुस्तकात 'मने' म्हणजे घर, आपल्याकडे 'मनि'. पुस्तकात 'इदे' म्हणजे आहे, आपल्याकडे 'ऐति'. 'हेगे' म्हणजे कसं, इकडे 'ह्यांग'. 'बेड' म्हणजे नको, इकडे 'ब्याड'. पैशाला पुस्तकात 'दुड्डु' आणि इकडे 'रोक्क', जे मराठी माणसाला शिकवावंच लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आदराचा 'री'. क्रियापदाला तो लावला की काम झालं: बर्री म्हणजे या, कूड्री म्हणजे बसा, हेळ्री म्हणजे सांगा, कोड्री म्हणजे द्या, तगोरी म्हणजे घ्या. अनोळखी माणसाशी, वयानं मोठ्या माणसाशी 'री' सोडू नका. हाक मारायला अण्णा, अक्का, काका, मावशी तसेच चालतात. पुस्तक जरूर वापरा, पण पुस्तकात एक आणि चिक्कोडीच्या मावशींच्या तोंडी दुसरं असेल तर मावशींचं लिहून घ्या.

तिसरी पायरी: मराठी वाक्यावर कानडी शब्द ठेवून पाहा

इथं थोडं रेंगाळायला हवं, कारण इथंच मराठी माणसाचा सगळ्यात मोठा फायदा आहे.

सांगलीजवळच्या कुपवाडात मराठी, कानडी आणि उर्दू बोलणारी माणसं शतकानुशतकं शेजारी राहत आली. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघांनी तिथल्या बोलींचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं ते असं की शब्द तीन भाषांचे, पण वाक्याची मांडणी इतकी जवळ आलेली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता येतं. जगभरचे भाषाशास्त्राचे विद्यार्थी आजही हे उदाहरण शिकतात, आणि ते गाव आपल्यापासून तासा-दीड तासावर आहे. कुपवाडात ही जवळीक टोकाला गेली होती, पण मराठी आणि कानडी यांची ठेवण एरवीही सारखीच आहे: कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद.

करून बघा. 'मला पाणी पाहिजे': ननग नीर बेकु. 'मला माहीत नाही': ननग गोत्तिल्ल. 'मला कानडी येत नाही': ननग कन्नड बरूदिल्ल. 'मला ताप आलाय': ननग ज्वर बंदैति. 'काय त्रास आहे?': एन त्रास ऐत्री? मराठीत 'मला' जिथं येतं तिथं कानडीत 'ननग' येतं, जागासुद्धा बदलत नाही. इंग्रजी शिकताना 'मला भूक लागली' हे वाक्य उलटंपालटं करायला जे कष्ट पडतात ते इथं नाहीत.

अजून पुढं जा. 'जेवून येतो' हे 'उंड बर्तीनि'. निघताना आपण 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, तेही 'बर्तीनि'. 'उद्या येतोय म्हणे' यातलं ऐकीव गोष्टीचं 'म्हणे' कानडीत 'अंत' होऊन शेवटी बसतं: नाळि बर्तानंत. असं वाक्य दिल्लीकडून आलेल्या माणसाला समजवायला वेळ लागतो. आपल्याला ते घरचं आहे.

म्हणून नवा शब्द शिकला की त्याची व्याख्या पाठ करू नका. आपल्या वहीतलं एखादं मराठी वाक्य घ्या, तो शब्द त्यात बसवा, आणि मोठ्यानं म्हणा.

लिंगाच्या बाबतीत तर आराम आहे. मराठीत बस ती, पाऊस तो, पाणी ते. कानडीत पुरुष, बाई आणि बाकी सगळं असे तीनच गट. बस बंतु, मळि बंतु, नीर बंतु: बस आली, पाऊस आला, पाणी आलं, तिन्हीला एकच 'बंतु'. माणूस असेल तरच बदल करायचा: अंव बंद म्हणजे तो आला, अकि बंदळु म्हणजे ती आली, अवरु बंदरु म्हणजे ते आले.

पण दोन ठिकाणी मराठी आपल्याला खड्ड्यात घालते, आणि दोन्ही रोज लागणारी आहेत.

पहिलं ठिकाण 'नाही'. मराठीत एकच 'नाही' दोन कामं करतं. कानडीत ती वेगळी आहेत. एखादी गोष्ट नसणं म्हणजे 'इल्ल': चिल्लर इल्ल, सुट्टे नाहीत. एखादी गोष्ट ती नव्हे असं म्हणायचं तर 'अल्ल': इदु नंदल्ल, हे माझं नव्हे. यावर उपाय मराठीतच आहे. जिथं 'नव्हे' म्हणता येईल तिथं अल्ल, जिथं 'नसणे' आहे तिथं इल्ल. आठवडाभर मराठी बोलतानाच हा फरक मनात तपासत राहिलात की पुढं चूक होत नाही.

दुसरं ठिकाण 'आम्ही' आणि 'आपण'. कानडीत दोन्हीला 'नावु'. कुणी 'नावु होग्तीवि' म्हणालं तर तुम्हाला धरून की सोडून, हे संदर्भावरून ओळखायचं, आणि शंका आली तर सरळ विचारायचं.

चौथी पायरी: कान

मराठी लिहिताना ए आणि ओ यांत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद आपण करत नाही. कानडीत तो आहे आणि अर्थ बदलतो. 'केरि' ऱ्हस्व ए नं म्हटलं तर तळं, दीर्घ ए नं म्हटलं तर गल्ली, वस्ती. 'कोडु' ऱ्हस्व ओ नं म्हणजे दे, दीर्घ ओ नं म्हणजे शिंग. पत्ता विचारताना किंवा औषध मागताना हा फरक नडतो. वहीत देवनागरीत लिहिताना ऱ्हस्व ए-ओ वर एक टिंब किंवा छोटी खूण करायची सवय लावा. कुठलीही खूण चालेल, पण कायम तीच ठेवा.

जोडाक्षरांकडेही लक्ष द्या. हालु म्हणजे दूध, हल्लु म्हणजे दात, हल्लि म्हणजे पाल आणि हळ्ळि म्हणजे खेडं. इथं ल-ळ वेगळे ऐकू येणं हा मराठी कानाचा हक्काचा फायदा आहे. उत्तरेकडच्या माणसाला ते जमवायला महिने लागतात. आपली अडचण वेगळी आहे: आपण शब्दाचा शेवटचा स्वर गिळतो. कानडी शब्द बहुतेक करून स्वरावर संपतात. बोलीत तो स्वर हलका होतो, पण शिकताना तो पूर्ण म्हणा. तोंडाला सवय झाली की पुढं आपोआप हलका होतो.

सरावाची पद्धत साधी आहे. रेकॉर्डिंग लावा आणि बोलणाऱ्याच्या मागोमाग, अर्धा क्षण उशिरा, तेच म्हणत राहा. थांबून विचार करायचा नाही. केएमटीच्या शहर बसमध्ये इअरफोन लावून ओठांतल्या ओठांत म्हटलं तरी चालतं. नंतर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून दोन्ही शेजारी ऐका. हे करायला लोक लाजतात, पण उच्चार सुधारायला मला तरी याहून चांगला उपाय सापडलेला नाही.

आकाशवाणीच्या धारवाड केंद्राचे कार्यक्रम आपल्याकडच्या बोलीला जवळचे पडतात. टीव्हीवरच्या मालिका बंगळूरच्या कानडीत असतात. समजण्यासाठी पाहा, नक्कल करण्यासाठी नको.

पाचवी पायरी: आकडे

आकड्यांना स्वतंत्र आठवडा द्या. भाव, वेळ, मोबाईल नंबर, खोली नंबर, गोळ्यांची संख्या यातलं काहीच चुकून चालत नाही.

ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु, ओंबत्तु, हत्तु हे दहा. मग दशकं: इप्पत्तु, मूवत्तु, नलवत्तु, ऐवत्तु, अरवत्तु, एप्पत्तु, एंबत्तु, तोंबत्तु, आणि शंभर म्हणजे नूरु. एवढं आलं की जवळजवळ सगळं आलं, कारण पुढं फक्त जोडायचं असतं. इप्पत्तु आणि ऐदु मिळून इप्पत्तैदु, २५. मराठी मुलाला शंभरापर्यंतचा प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो, तसं इथं नाही. अकरा ते एकोणीस मात्र पाठच करा: हन्नोंदु, हन्नेरडु, हदिमूरु असे.

घोटाळा होतो तो क्रमात. 'पंचेचाळीस' म्हणताना आपण पाच आधी आणि चाळीस नंतर म्हणतो. 'नलवत्तैदु' मध्ये चाळीस आधी येतो. ऐकताना मराठी डोकं आकडे फिरवतं आणि ४५ चे ५४ होतात. एकोणतीस तर मराठीत तिसातून एक कमी करून येतो, कानडीत इप्पत्तोंबत्तु, वीस आणि नऊ. म्हणून आकडे मराठीतून भाषांतर करून शिकू नका. रस्त्यावर गाड्यांच्या नंबर प्लेटवरचे शेवटचे दोन आकडे पाहून थेट कानडीत म्हणा. स्टेशन रोडवर सिग्नलला उभं राहिलं की भरपूर सराव होतो. अडीचला एरडूवरी, साडेतीनला मूरूवरी: अर्ध्यासाठी 'ऊवरी' जोडलं की झालं.

सहावी पायरी: समोरच्याला मराठीत जाऊ देऊ नका

याच्यासाठी चार-पाच वाक्यं अगदी तोंडावर हवीत, झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत.

ना कन्नड कलियाकत्तीनि: मी कानडी शिकतोय. कन्नडदाग हेळ्री: कानडीत सांगा. स्वल्प सावकाश हेळ्री: जरा सावकाश सांगा. इन्नोम्मि हेळ्री: पुन्हा एकदा सांगा. तप्पाद्र हेळ्री: चुकलं तर सांगा. आणि सगळ्यात कामाचं, इदक्क कन्नडदाग एनंतार? याला कानडीत काय म्हणतात? हे एक वाक्य आलं की वस्तूकडे बोट दाखवून दिवसभर शब्द गोळा करता येतात.

ही वाक्यं म्हटल्यावरही माणूस मराठीत गेला तर तुम्ही जाऊ नका. तो मराठीत विचारेल, तुम्ही मोडक्या कानडीत उत्तर द्या. दोन-तीन वेळा असं झालं की बहुतेक लोक हसून कानडीत येतात. गर्दीच्या वेळी, तातडीच्या कामात किंवा पेशंट वेदनेत असताना मात्र हा हट्ट अजिबात धरू नका. तिथं जी भाषा दोघांना येते तीच बोला. औषधाचा डोस, ऑपरेशनची संमती, पैशाचा व्यवहार अशा गोष्टी पक्की कानडी येणाऱ्याकडून तपासून घ्या.

सराव सुरू करायला शांत वेळ आणि कमी जोखमीची जागा निवडा. दुपारचं चहाचं दुकान, गावाकडून आलेल्या शेजारणीची आई, बसमध्ये शेजारी बसलेले काका. रोज एकाच माणसाशी दहा मिनिटं बोलणं हे दहा माणसांशी एकेक मिनिट बोलण्यापेक्षा जास्त उपयोगाचं, कारण त्या माणसाला तुमचं कालचं आठवतं आणि विषय पुढं सरकतो.

उजळणी

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवर केलेले विस्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, हे त्यातून दिसलं. म्हणून उजळणी एकाच दिवशी दहा वेळा करण्याऐवजी अंतर वाढवत करावी: त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, तीन-चार दिवसांनी, आठवड्यानं, पंधरवड्यानं.

जाड कागदाच्या चिठ्ठ्या करा. एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला कानडी. नुसता शब्द लिहू नका, वाक्यच लिहा. मराठी बाजू पाहून कानडी म्हणायचं. आलं तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, जो उशिरा उघडायचा. अडलं तर पुन्हा पहिल्या कप्प्यात. कप्प्यांची ही पद्धत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केली. मिठाईचे रिकामे पुडे यासाठी चांगले.

शिकवणाऱ्यांसाठी

आता ज्यांच्या घरात कानडी आहे त्यांच्याशी थोडं. तुमच्याकडे सून, शेजारी, नातवंडं किंवा दुकानातला मुलगा शिकायला आला, तर बहुतेक वेळा तुम्ही दोनपैकी एक करता. एक तर शब्दांची यादी सांगता, नाही तर प्रत्येक चूक तिथल्या तिथं पकडता. दोन्हीनं माणूस गप्प होतो.

सुरुवात आज्ञांनी करा. जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात ही पद्धत मांडली: शिक्षकानं सांगायचं, शिकणाऱ्यानं करायचं, बोलायची सक्ती नाही. बर्री. कूड्री. निंद्री (उभे राहा). नीर तगोरी (पाणी घ्या). पहिले काही दिवस स्वयंपाकघरात एवढंच. आपण लहान मुलांशी असंच बोलत असतो. मूल आधी ऐकून करतं आणि बोलतं नंतर. मोठ्या माणसालाही तेवढी सवड द्या.

मग प्रश्नांची पातळी हळूहळू चढवा. आधी हो-नाहीचा प्रश्न: चा बेकेनु? (चहा पाहिजे का?) मग दोनातून एक निवडायचा: हाल बेको, चा बेको? (दूध पाहिजे की चहा?) उत्तराचा शब्द प्रश्नातच असल्यामुळे शिकणारा अडत नाही. नंतर मोकळा: एन बेकु? (काय पाहिजे?) ही चढण दिसायला साधी आहे, पण जो थेट मोकळ्या प्रश्नापासून सुरू करतो त्याच्याकडचे शिकणारे महिन्याभरात गळतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

चूक सुधारताना वाक्य पूर्ण होऊ द्या. मग तेच बरोबर म्हणून दाखवा, बोलण्याच्या ओघात. तो म्हणाला 'इदु नंदु इल्ल', तर तुम्ही म्हणा, 'हौदा, निमदल्ला? मत्त यार्दु?' म्हणजे 'होय का, तुमचं नव्हे? मग कुणाचं?' त्याला 'अल्ल' ऐकू आलं आणि संवादही मोडला नाही. एका बैठकीत एकाच प्रकारच्या चुकीकडे लक्ष द्या. बाकीच्या राहू द्या, त्यांचाही दिवस येईल. आणि उच्चारावरून घरातल्यांना हसू देऊ नका, विशेषतः नव्या सुनेच्या.

तुमची बोली गावंढळ आहे, पुस्तकातलीच शिकवावी, असं मनात आणू नका. समोरच्याला तुमच्याशीच बोलायचं आहे. शिळाहारांच्या काळापासून या भागात कानडी लिहिली जात होती, खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात कानडी शिलालेख आजही आहेत. इथली कानडी इथलीच आहे.

लिपी आणि पुढचं शिक्षण

लिपी पहिल्या महिन्यात नको. कान तयार होण्याआधी अक्षरं आली की माणूस वाचून उच्चार करू लागतो. दुसऱ्या महिन्यात घ्या. वर्णमाला ४९ अक्षरांची आहे, क्रम देवनागरीसारखाच क ख ग घ, वर फक्त ते ऱ्हस्व ए आणि ओ. मध्यवर्ती बसस्थानकावर कर्नाटकच्या गाड्या लागतात तिथं वही घेऊन थांबा. निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी, हुक्केरी, बेळगाव, धारवाड, हुबळी: गावाचं नाव माहीत असल्यामुळे पाटीवरचं अक्षर कुठलं ते स्वतःच उकलता येतं. या सात नावांत निम्म्याहून अधिक नेहमीची व्यंजनं भेटतात. मग दुकानांच्या पाट्या, मग औषधांच्या जाहिराती, मग वर्तमानपत्रातले मथळे.

रीतसर शिकायचं असेल आणि तुम्ही शाळेत शिक्षक असाल, तर म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाची माहिती काढा. १९६९ मध्ये स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था आपल्या प्रादेशिक केंद्रांमधून शिक्षकांना दुसरी भारतीय भाषा शिकवते. कानडीचं केंद्र म्हैसूरलाच आहे.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी सकाळच्या गाडीनं निपाणीला किंवा संकेश्वरला जा. निपाणीत मराठी सगळीकडे चालते, म्हणून धीर असेल तर संकेश्वर बरं. तिकीट कानडीत काढा, नाश्ता कानडीत मागा, बाजारात चार वस्तूंचे भाव विचारा, दोन खरेदी करा, परतीच्या गाडीची वेळ विचारा. जिथं अडलात ती वाक्यं परतीच्या बसमध्येच वहीत लिहा, आणि घरी आल्यावर त्यांच्या चिठ्ठ्या करून पहिल्या कप्प्यात टाका.